कोंडीराम गमरे बूट काढत नाहीत

भोईवाड्यातल्या आमच्या म्युनिसिपल शाळेत पालक यायचे ते बहुधा दोनच कारणांनी: पोराला मार बसला म्हणून, नाहीतर बसत नाही म्हणून. कोंडीराम गमरे तिसऱ्याच कारणानं यायचे. त्यांची कमल माझ्या वर्गात चौथीत होती आणि ती काय शिकते ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असे. वर्गाबाहेर पायातलं काढून ठेवायची आमच्याकडे पद्धत होती. ती पाळून, बूट जोडीनं भिंतीला लावून, दाराशी अनवाणी उभे राहून ते फळा वाचत. सगळा वाचून झाला की मान हलवून निघून जात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ह्याच माणसाला बूट काढणं अशक्य आहे असं विलायतेहून आलेल्या एका डॉक्टरांनी आपल्या वहीत लिहून ठेवलं, आणि ती वही चांगली जाड होती.

कोंडीराम परळच्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. साचा चालू असताना तुटलेलं सूत चिमटीत पकडायचं आणि सांधायचं, हे काम. सोळा वर्षं त्यांनी तेच केलं. बोलणं कमी, उंची मध्यम, मिशी असून नसल्यासारखी. लोक वळून बघतील अशी त्यांच्याजवळ एकच वस्तू होती, ती म्हणजे बूट. तपकिरी, घोट्याच्या वर येणारे, लांब लेसचे. छप्पन सालच्या दसऱ्याला दीक्षा घ्यायला ते नागपूरला गेले, त्याच्या आठ दिवस आधी घेतलेले. "नव्या धर्मात जायचं आन पायात जुन्या वहाना?" असं म्हणून त्यांनी आधीच्या चपला गाडीत बसण्यापूर्वीच देऊन टाकल्या. दर रविवारी गॅलरीत बसून ते बुटांना पॉलिश करत. शेजारच्या खोलीतला सीताराम म्हणायचा, "कोंडीदादा, आता ह्यात तोंड दिसतंय. उद्यापासनं दाढी हितंच करा."

सत्तावन सालच्या जानेवारीत मैदानावर सभा झाली. संयुक्त महाराष्ट्रासाठी आदल्या वर्षी गोळीबारात गेलेल्यांची नावं तिथे वाचून दाखवली. कोंडीराम ऐकून घरी आले, जेवले, झोपले. सकाळी उजवा हात मिटेना. बोटं लाकडासारखी ताठ. दुखत नव्हता, सुजला नव्हता, नुसता मिटत नव्हता. आणि ज्याला चिमूट धरता येत नाही, त्याचं रिंग खात्यात काय काम?

गिरणीच्या डॉक्टरांनी सुई टोचली, गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांत बॅटरीचा उजेड पाडला. हाताचा आणि गुडघ्याचा काय संबंध, हे विचारायची सोय नव्हती. शेवटी त्यांनी लिहिलं की हाताला काहीही झालेलं नाही. ह्याचा गिरणीतला अर्थ एकच होतो: माणूस ढोंग करतोय. पण कोंडीरामांची सोळा वर्षांची हजेरी इतकी स्वच्छ होती की हपिसातल्या साहेबालाही थोडी लाज वाटली असावी. त्यानं मुदत दिली. तीस एप्रिलपर्यंत मनाच्या डॉक्टराचा कागद आणायचा, की आजार खरा आहे. कागद आला तर जागा राखू, नाही आला तर नाव कमी.

मनाचे डॉक्टर मुंबईत तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातले एक गिरगावात राहत: डॉ. रमाकांत अमृते. दोन वर्षं लंडनमध्ये शिकून आलेले. ते दर शनिवारी एका कामगाराला फी न घेता तपासत, कारण 'कामगाराचे मन' ह्या विषयावर त्यांना पुस्तक लिहायचं होतं आणि त्यासाठी एका कामगाराची तरी गरज होती. माणूस वाईट नव्हता. संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे खालून गेले की ते गॅलरीत येऊन दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत. जात मानत नसत. सहा वर्षांपूर्वी एका परिषदेत ते महाराच्या हातचा चहा प्याले होते, आणि ही गोष्ट पहिल्या भेटीतच कळली नाही असा माणूस गिरगावात सापडला नसता.

पहिल्या शनिवारी कोंडीराम एकटे गेले. दुसऱ्या शनिवारी गेले आणि दहा मिनिटांत परत आले. तिसऱ्या शनिवारीही तसंच. चौथ्या शनिवारच्या आधी घरी इंग्रजी पत्र आलं. ते घेऊन त्यांची बायको रखमा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली.

"बाई, काय लिवलंय बगा. नोकरी गेली का राह्यली तेवडं सांगा."

पत्रात नोकरीबद्दल काही नव्हतं. बूट होते. रुग्ण पादत्राणे काढण्यास ठाम नकार देतो. पादत्राणे काढल्याशिवाय कोचावर आडवं होता येत नाही. आडवं झाल्याशिवाय मन मोकळं होत नाही. मन मोकळं झाल्याशिवाय निदान नाही, आणि निदान नाही तर कागद नाही. घरातल्या एखाद्या समजूतदार माणसानं येऊन रुग्णाला समजवावं.

मी मराठीत सांगितलं तशी रखमा कपाळाला हात लावून म्हणाली, "बाई, मढ्याच्या पण पायातलं काडून मग निजवत्यात. आन ह्यांला जित्तेपनी काय झालं काडायला?"

संध्याकाळी मी त्यांच्या चाळीत गेले, तर हा प्रश्न तिथे आधीच येऊन पोचलेला. गॅलरीत बाकावर म्हातारे रामजीदादा बसले होते आणि कठड्याला टेकून सीताराम. कोंडीराम खोलीच्या उंबऱ्यावर, ह्या वादात आपण नाहीच असे.

"डाक्तर म्हंजे कचेरी का देऊळ, ते आदी ठरवा," रामजीदादा म्हणाले. "कचेरीत बूट काडत नाईत. देवळात काडत्यात."

"देवळात आता आपन जातच नाय, दादा," सीताराम म्हणाला.

"मंग इस्पितळ धर. इस्पितळात काडत नाईत."

"इस्पितळात खाटंवर काडतात."

"ती खाट हाय का पन? कोंडीराम, खाट हाय का रे?"

"गादीचं बाकडं हाय," कोंडीराम म्हणाले. "हिकडनं उंच, तिकडनं सखल."

"म्हंजे नीट खाट पन नाय!" रामजीदादांना हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटला.

सीतारामनं मात्र मूळ पकडलं. "दादा, डाक्तरच्या पायात काय असतं?"

"बूट," कोंडीराम म्हणाले. "काळे. लेसचे."

"खोलीत?"

"खोलीत."

"संपलं!" सीतारामनं कठड्यावर थाप मारली. "तो घालनार आन तुमी काडनार? बाबासायबांनी आपल्याला कोट-बूट घालायला कशाला शिकवलं? नोकरी गेली तरी चालंल, काडू नका."

"तुझी नाय ना जायाची," रखमा आतून म्हणाली. "म्हनून चालतंय तुला."

मी कोंडीरामांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" ते म्हणाले, "बाई, काडनार नाय. यवडंच म्हननं." आणि उठून आत गेले. मला त्यांचा अभिमान वाटला. मास्तरणीला असा अभिमान फार चटकन वाटतो.

तेव्हा चौथ्या शनिवारी समजूतदार माणूस म्हणून मी गेले, पण समजूत कुणाची घालायची हे मनाशी वेगळंच ठरवून.

अमृत्यांचं घर पहिल्या मजल्यावर. जिना चढून वर आलं की सोपा, तिथे भिंतीवर पाटी: 'कृपया पादत्राणे येथे काढावीत.' समोरची खोली म्हणजे दवाखाना. लाल गालिचा, उतरत्या बाकाचा तो कोच, कोचाच्या डोक्याशी डॉक्टरांची खुर्ची, आणि खुर्चीखाली काळे चकचकीत बूट, ज्यांत डॉक्टरांचे पाय होते. खोलीला आत उघडणारं एक दार होतं. ते अर्धं उघडं असे आणि त्यातून डॉक्टरांच्या आई, माई अमृते, घराकडे आणि शास्त्राकडे एकाच वेळी लक्ष ठेवत.

मी चपला सोप्यावर काढल्या. कोंडीराम पाटीखाली बुटांसकट उभे राहिले.

"पाहिलंत?" डॉक्टर मला हळूच म्हणाले, पण कोंडीरामांना स्पष्ट ऐकू जाईल असं. "पहिल्या दिवशी काढले होते. दुसऱ्या दिवसापासून बंद. म्हणजे पहिल्या दिवशी मी मनाच्या मर्माला हात घातला, आणि त्यानं दार लावून घेतलं. बूट म्हणजे दार."

"पहिल्या दिवशी काय बोलणं झालं?"

डॉक्टरांनी वही उघडली. "गिरणीत जातो, भोंगा होतो, घरी येतो, जेवतो, झोपतो. स्वप्नं? पडत नाहीत. वडील? वारले." त्यांनी वही मिटली. "वडील म्हणताना आवाज बदलला. मी टिपलंय."

"डॉक्टर, तुम्ही स्वतः बूट घालून बसता," मी म्हटलं.

"मी झोपत नाही."

"पण गालिचा तर दोघांनाही सारखाच."

आतल्या दारातून माई म्हणाल्या, "गालिच्याचं काय घेऊन बसलात? त्या कोचाच्या भिंतीपलीकडे देवघर आहे माझं. देवाच्या डोक्याशी बूट करून कुणी झोपायचं नाही. मग तो लाटसाहेब का असेना."

"आणि डॉक्टरांचे बूट?"

"त्याचे विलायतेचे आहेत. घरातच घालतो. त्यांना रस्ता लागलेला नाही."

डॉक्टर ओशाळून हसले. "आईचं सोडा. ती जुनी आहे. मी जात वगैरे मानत नाही. सहा वर्षांपूर्वी एका परिषदेत—"

"हो, कळलंय," मी म्हटलं. "डॉक्टर, ज्यांच्या बापजाद्यांना पायात घालायची बंदी होती, त्यांनी बूट न काढणं हा आजार नाही. तो स्वाभिमान आहे."

वाक्य मला स्वतःला बरं वाटलं. डॉक्टरांनाही आवडलं, कारण त्यांनी ते लगेच वहीत उतरवून घेतलं. 'स्वाभिमानाची विकृती', असं ते पुटपुटले आणि खाली रेघ ओढली. कोंडीराम पाटीखालून हा सगळा सामना बघत होते, आणि आता आठवलं की कळतं, त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा होता. मग ते म्हणाले, "बाई, चला. उशीर झाला तर कमलला एकटीला पानी भरायला लागंल." आम्ही निघालो. कागद मिळाला नाही.

पाचवा शनिवार सत्तावीस एप्रिलचा. मुदतीआधीचा शेवटचा. मी त्यांना घ्यायला दुपारी चाळीत गेले. दार उघडंच होतं. कोंडीराम ट्रंकेवर बसलेले आणि रखमा पुढ्यात फतकल मारून त्यांच्या बुटांच्या लेस ओढून बांधत होती. सहा जोड्या भोकं, दोन बूट. तिचं हे काम सवयीचं झालेलं दिसत होतं.

मी दारातच थांबले. "हे रोज तुम्ही बांधता?"

"मंग कोन बांदनार, बाई? ह्यांचा हात हाय का?" ती मान वर न करता म्हणाली. "तीन म्हैने झाले. सकाळी मी बांदायचे, रातच्याला मी सोडायचे."

"आणि पहिल्या शनिवारी गिरगावात काढले तेव्हा?"

रखमाचा हात लेसवर थांबला. तिनं नवऱ्याकडे बघितलं. कोंडीराम भिंतीकडे बघत होते.

"सोडले डाव्या हातानं," ते शेवटी म्हणाले. "सुटत्यात एका हातानं. बांदत नाईत. जिन्यात अर्दा तास बसलो. तसंच घालून उतरलो तर दुसऱ्या पायरीवर लेस पायात आली, पडता पडता राह्यलो. मंग हातात घेतले आन आलो."

"गिरगावातून? अनवाणी?"

"हितवर."

मला वाटलं त्यांचं बोलणं संपलं. पण ते पुढे म्हणाले, "बाई, माजा बा गावात वरच्या आळीतनं जाताना पायातलं काडून हातात घ्यायचा. मी ल्हान असताना बगितलंय. नागपूरला जाऊन आल्याव मला वाटलं, ते संपलं. आन मी गिरगावातनं तसाच आलो. कोनी सांगितलं नव्हतं काडायला. कोनी सांगितलं असतं तर भांडलो तरी असतो."

स्वाभिमानावर भाषण करून आले होते मी. सीतारामनं चळवळ ऐकवली होती, डॉक्टरांनी वडील शोधले होते, माईंनी देवघर. ह्या माणसाला लेस बांधता येत नाहीत, हे एकालाही सुचलं नाही. विचारलं तर नाहीच.

"मग चपला घालून का गेला नाहीत? कुणाच्या मागून घेता आल्या असत्या."

"आता?" ते जरासे हसले. "आता चपला घातल्या तर तो वहीत लिवंल, सुटले बूट."

हेही खरंच होतं.

गिरगावात पोचल्यावर मी सोप्यावरच डॉक्टरांना सांगितलं. सरळ, साध्या शब्दांत. हात मिटत नाही, लेस बांधता येत नाहीत, म्हणून बूट काढत नाहीत. काढले तर परत जाताना कोण बांधणार?

डॉक्टरांचे डोळे चमकले. "लेस! म्हणजे गाठ! म्हणजे बंधन! बाई, तुम्हाला कळतंय का, गाठ सुटण्याची भीती हीच मुळात—" आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.

"रमाकांत," माई आतून म्हणाल्या.

"थांब ग आई."

"थांब काय थांब? बंधन कसलं डोंबलाचं! त्यांचा हात चालत नाही, एवढंच." माई दारात आल्या. सोवळं नेसून होत्या, त्यामुळे उंबरा ओलांडला नाही, पण आवाजाला सोवळं नव्हतं. "तू आठ वर्षांचा होईस्तोवर तुझ्या बुटांच्या लेस मी बांधत होते. मुंजीला भिक्षावळीत गेलास, तेव्हासुद्धा मीच. तेव्हा तुला काय आजार होता?"

डॉक्टरांचं पेन हवेत राहिलं.

"काढू देत त्यांना बूट. जाताना तू बांधून दे. पाच शनिवार घालवलेस एवढ्याशा गोष्टीत. विलायतेत काय शिकवतात, देव जाणे."

मी पटकन म्हटलं, "मी बांधीन." कोंडीराम तितक्याच पटकन म्हणाले, "बाई, तुमी नाय." मुलीच्या मास्तरीणबाईंना ते पायाशी बसू देणार नव्हते. माई सोवळ्यात. उरले डॉक्टर. जात मानत नव्हते ते, हे सगळ्या गिरगावाला माहीत होतं. पण मानत नाही म्हणणं आणि वाकणं ह्यांत किती अंतर असतं, ते त्यांच्या तोंडावर मी त्या दिवशी पाहिलं. चहाचा कप वर उचलावा लागतो. इथे खाली बसायचं होतं.

"हो हो, त्यात काय एवढं," ते म्हणाले. "बांधीन की."

कोंडीरामांनी डाव्या हातानं लेस सोडल्या, बूट जोडीनं भिंतीला लावले, आत गेले आणि त्या उतरत्या बाकावर आडवे झाले. मी सोप्यावर स्टुलावर बसले. पाऊण तास मला आतलं सगळं ऐकू येत होतं आणि त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं. गिरणी. भोंगा. जेवण. स्वप्न पडत नाही. वडील वारले. डॉक्टर मधूनमधून "हं" म्हणत होते. शास्त्राप्रमाणे सगळं चाललं होतं, फक्त आजार तेवढा आला नव्हता.

मग दोघे बाहेर आले. कोंडीराम जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले, पाय बुटांत घातले. डॉक्टरांनी पँटची इस्त्री मोडू नये म्हणून गुडघ्याशी कापड जरा वर ओढलं, दोन पायऱ्या खाली उतरले आणि वाकले. ते जमेना, तेव्हा गुडघ्यावर बसले. स्वतःच्या बुटांच्या लेस बांधणारा माणूस दुसऱ्याच्या समोरून बांधायला गेला की सगळं उलटं होतं, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. एकदा डावी-उजवी चुकली. एकदा एक भोक राहिलं. सगळं सोडून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. घाम कानशिलावर आला.

कोंडीराम वरून त्यांच्या डोक्याच्या भांगाकडे बघत होते. आणि त्या भांगाला उद्देशून ते बोलायला लागले.

"दत्ताराम परब म्हनून होता. आमच्याच गिरनीत, कापड खात्यात. आमच्या मानसांला त्या खात्यात घ्यायचे नाईत. तिकडं धोट्यातनं सूत तोंडानं ओढत्यात. आमच्या हाताचं त्यांच्या तोंडात नको. दत्ताराम समोरच्या चाळीत र्‍हायचा. पंधरा वर्सं बगतोय, कदी हात लावला नाय त्यानं मला. वाईट नव्हता. पन नाय लावला."

डॉक्टर एका भोकातून लेस ओढत होते.

"गेल्या वर्साला लालबागला गोळीबार झाला. आमी दोगं गर्दीत. सगळी पळाली. दत्तारामचा चष्मा पडला, त्याला दिसंना. 'हात दे रे गमऱ्या,' म्हनला. मी दिला. ह्यो." उजवा हात मांडीवर ताठ पडला होता. "घट्ट धरला त्यानं. धरून पळालो. नाक्यावर आलो आन हात सुटला. मागं बगितलं तर त्यो पडलेला."

लेस थांबली. डॉक्टर खालूनच म्हणाले, "मग?" पाच शनिवारांत त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न, जो पुस्तकातला नव्हता.

"मग काय. मैदानात त्याचं नाव वाचलं. आन मला सांगता यीना, सायेब. हात सुटला का मी सोडला? पळताना कळत नाय. ज्यानं जन्मात हात लावला नाय त्यानं एकदा धरला, आन मी..." त्यांनी डाव्या हातानं बुटाकडे बोट केलं. मग म्हणाले, "ती लेस उलटी गेली."

डॉक्टरांनी लेस परत ओढली. दुसरा बूट बांधून झाला. मग ते उठले, गुडघे न झटकता आत गेले आणि उभ्या उभ्याच दोन ओळी लिहून कागद घेऊन आले. आजार खरा आहे, ढोंग नाही. जागा राखावी. खाली सही. त्यात गाठ नव्हती, बंधन नव्हतं, वडील नव्हते. त्यांनी आयुष्यात लिहिलेलं सगळं मी वाचलेलं नाही, पण जेवढं वाचलं त्यात ह्या दोन ओळी सर्वांत चांगल्या.

"पुढच्या शनिवारी या तुम्ही," ते म्हणाले. तोवर ते कोंडीरामांना 'तू' म्हणत असत.

गाठ अशी बसली होती की रात्री रखमाला दोन्ही लेस कात्रीनं कापाव्या लागल्या. पण कागद एकोणतीस तारखेलाच हपिसात पोचला आणि साहेबानं जागा राखली. त्यानंतरचे शनिवार कोंडीराम जात राहिले. जिन्याच्या पायरीवर बसत, डॉक्टर खाली वाकत, आणि बोलणं जे काय होई ते तिथेच होई. कोचाचा उपयोग त्या वेळी एवढाच, की त्याच्यावरून उठल्याशिवाय बूट घालता येत नसत. जूनच्या शेवटी दोन बोटं मिटायला लागली. ऑगस्टमध्ये कोंडीराम कामावर गेले. रिंग खात्यात सगळेच अनवाणी काम करतात. फरशीवर तेल सांडलेलं असतं. सोळा वर्षं ते रोज दाराशी पायातलं काढून आत जात होते. डॉक्टरांनी हे कधी विचारलं नाही, आणि आता सांगून उपयोग नव्हता, कारण तोपर्यंत त्यांचं भाषण लिहून झालं होतं.

भाषण दादरच्या एका सभागृहात व्हायचं होतं. विषय 'पादत्राणे आणि अहंता: एका कामगाराचे मनोविश्लेषण'. आमंत्रण द्यायला डॉक्टर स्वतः भोईवाड्याला आले. मी कमलच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून घ्यायला तिथेच बसले होते. जमीन नुकतीच पुसलेली. रखमा म्हणाली, "आत या ना, सायेब." डॉक्टर उंबऱ्याबाहेर गॅलरीतच उभे राहिले. लेस सोडण्यात फार वेळ जातो, घाईत आहे, म्हणाले.

छापलेली पत्रिका त्यांनी मला दिली. मी भाषणाचा गोषवारा वाचला. बुटांना चिकटलेला रुग्ण कोचावरील उपचारांनी टप्प्याटप्प्यानं बूट सोडायला कसा शिकला, असं सगळं होतं. जिना नव्हता. दत्ताराम नव्हता. माई तर नव्हत्याच.

"ह्यात तुम्ही खाली बसून लेस बांधल्या ते कुठे दिसत नाही," मी म्हटलं.

"तो उपचाराचा भाग नाही, बाई," डॉक्टर मनापासून म्हणाले. मग कोंडीरामांकडे वळले. "तुम्ही यायलाच हवं. मंचावर माझ्या शेजारी खुर्ची ठेवलीय. काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं. हात वर करून लोकांना एकदा मूठ मिटून दाखवायची, झालं. आणि हो, ते बूट घालून या. तेच."

सीताराम कठड्यावरून ऐकत होता. तो म्हणाला, "तिकिट लावनार का, सायेब?" रखमानं त्याला डोळे वटारले.

कोंडीराम जेवायला बसले होते. ताट पुढ्यात, चपातीचा तुकडा उजव्या हाताच्या चिमटीत. बोटं अजून जरा हळू मिटत, म्हणून ते सावकाश जेवत. त्यांनी घास खाल्ला, पाण्याचा घोट घेतला, आणि फार नम्रपणे विचारलं, "कधी हाय म्हनालात?"

"ह्या शनिवारी. संध्याकाळी सहाला."

"शनवारी मला दुसरी पाळी हाय," कोंडीराम म्हणाले आणि पुढचा तुकडा मोडला.